चादरी मोजण्याची विद्या

गेल्या जून महिन्यात आमच्या शाळेची एक जुनी विद्यार्थिनी पेढे घेऊन घरी आली. सोबत तिची आई होती. मुलगी बी. एस्सी. झाल्याचे मला ठाऊक होते. तेव्हा पेढे नोकरीचे की लग्नाचे, एवढाच प्रश्न माझ्या मनात होता. तिने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "सर, मला हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला."

"म्हणजे तू डॉक्टर होणार?"

"नाही सर."

"मग नर्स?"

"नाही."

मी गप्प झालो. आई हळूच म्हणाली, "मास्तर, शेजारीपाजारी मला हेच विचारतात. काय सांगावं कळत नाही. डॉक्टर नाही, नर्स नाही, औषधवालीसुद्धा नाही. मग दवाखान्यात ही करणार तरी काय?"

मुलगी हसली. "सर, चादरी मोजणार," ती म्हणाली.

ती थट्टेने बोलली, पण पेढा माझ्या हातातच राहिला. चादर या शब्दाशी माझे एक जुने देणेघेणे आहे.

माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते एस.टी.च्या आगारात वाहतूक नियंत्रक होते. निवृत्तीनंतर एका पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. आम्ही त्यांना जिल्ह्याच्या गावी एका इस्पितळात नेले. त्याचे नाव मी सांगणार नाही. का, ते पुढे ओघात येईलच. डॉक्टर हुशार होते. परिचारिका मायेने वागत. तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया ठरली. रात्रीपासून अण्णांना उपाशी ठेवले, सकाळी अंगावर हिरवा झगा चढवला आणि अकरा वाजता निरोप आला की आज होणार नाही. कारण विचारले तर कळले, शस्त्रक्रियेच्या खोलीत लागणाऱ्या निर्जंतुक चादरी आल्या नाहीत. का आल्या नाहीत? धुलाईचा ठेकेदार आला नाही. का आला नाही? त्याचे बिल थकले होते. बिल कोणी थकवले? ज्या टेबलाकडे बोट दाखवण्यात आले, तेथील गृहस्थ रजेवर होते. दोन दिवसांनी पुन्हा उपास, पुन्हा झगा. त्या दिवशी चादरी होत्या, पण रक्ताच्या बाटलीची चिठ्ठी कोणाच्या तरी खिशात राहिली होती आणि तो खिसा पाळी संपवून घरी गेला होता.

अण्णा छताकडे पाहत म्हणाले, "अरे, डेपोत एक गाडी बंद पडली तर आम्ही दुसरी सोडायचो. प्रवासी वाट बघतात हे कोणाला तरी ठाऊक असायचं. इथला कंट्रोलर कोण आहे रे?"

मी उठून शोधायला गेलो. कंट्रोलर सापडला नाही. शस्त्रक्रिया आठव्या दिवशी झाली आणि चांगली झाली. परंतु तोवर पाठीला जखमा पडल्या होत्या आणि उठण्याची उमेद गेली होती. अण्णा त्यानंतर दोन वर्षे जगले. पण अंगणातल्या तुळशीपर्यंतही ते पुन्हा चालत गेले नाहीत.

त्यानंतर मी एक कादंबरी लिहायला घेतली. तिच्यात एक इस्पितळ होते. इस्पितळ चालते कसे हे मला कळेना, म्हणून मी वाचू लागलो. कादंबरी तेराव्या प्रकरणावर अडून बसली आहे, पण वाचन थांबले नाही. मी दहावी झालेला, जुन्या भाषेत मॅट्रिक, शाळेत चित्रकला शिकवणारा माणूस. इंग्रजी पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन वाचतो. त्यामुळे पुढे जे सांगतो आहे ते विद्वानाचे व्याख्यान नव्हे. अण्णांच्या प्रश्नाचा माग काढीत गेलेल्या मुलाची ही हकीकत आहे.

या विद्येच्या इतिहासात मला दोन चित्रे भेटली. पहिले फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे. बाईंना आपण क्रमिक पुस्तकात भेटलो ते हातात दिवा घेतलेल्या रूपात. मीसुद्धा शाळेच्या भिंतीवर त्यांना दिव्यासह रंगवले आहे. त्या दिव्याच्या उजेडात त्यांचे खरे काम मात्र अंधारातच राहिले, असे आता वाटते. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ च्या नोव्हेंबरात, अडतीस परिचारिकांची तुकडी घेऊन त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचल्या. तेथे त्यांनी आधी काय मागवले? घासायचे ब्रश. त्यांनी इस्पितळाजवळ एक घर भाड्याने घेतले, त्यात पाणी तापवायचे बंब बसवले आणि सैनिकांच्या बायकांना कपडे धुण्याच्या कामावर लावले. स्वयंपाकघर सुधारले, कोठारातल्या वस्तूंची मोजदाद सुरू केली. पुढे १८५५ च्या मार्चमध्ये सरकारने पाठवलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे उपसली, भिंतींना चुना दिला आणि मृत्यू झपाट्याने उतरले.

इंग्लंडला परतल्यावर बाईंनी आकडे मांडले, आणि येथे माझ्यातला ड्रॉइंग मास्तर जागा होतो. १८५८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेली आकृती पाहण्यासारखी आहे. एका मध्याभोवती बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या. जखमांनी मेलेले लाल, टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेले निळे, बाकीचे काळे. निळ्या पाकळ्या पसरल्या आहेत आणि लाल रंग मध्याजवळ अंग चोरून बसला आहे. शत्रूच्या गोळीपेक्षा घाणीने अधिक शिपाई मारले, हे आकड्यांच्या रकान्यात मंत्र्यांना दिसले नसते, रंगात दिसले. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाने त्यांना सभासद करून घेतले. त्या मंडळातील त्या पहिल्या स्त्री. पुढच्या वर्षी त्यांचे इस्पितळांवरचे पुस्तक आले. खिडक्या किती उंच, खाटांमध्ये अंतर किती, मोऱ्या कोठे, असल्या गोष्टींनी ते भरलेले आहे. सगळ्या इस्पितळांनी आपापल्या नोंदी एकाच नमुन्याच्या तक्त्यात ठेवाव्यात, हा आग्रहही त्यांचाच.

बाईंनी दाखवलेली वाट प्रथम परिचारिकांनीच पुढे नेली, यात नवल नाही. कारण घर कसे चालते हे घरात राबणाऱ्याला कळते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात १८९९ साली परिचारिकांसाठी एक अभ्यासक्रम निघाला. त्याचे नाव 'इस्पितळाचे अर्थशास्त्र'. इझाबेल हॅम्प्टन रॉब या परिचारिकेने त्याचा पाठपुरावा केला होता. तेथेच १९०७ साली ॲडलेड नटिंग प्राध्यापक झाल्या. परिचर्येची प्राध्यापक झालेल्या त्या जगातील पहिल्या स्त्री. इस्पितळाचा कारभार ही विद्यापीठात शिकण्याची गोष्ट आहे, हे पुरुषांच्या ध्यानात यायला मात्र आणखी तीस-पस्तीस वर्षे गेली.

आता दुसरे चित्र.

बॉस्टन शहरात अर्नेस्ट कॉडमन नावाचा एक शल्यचिकित्सक होता. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल या नामांकित इस्पितळात तो काम करी. माणूस बुद्धिमान, पण सरळ बोलण्याचे व्यसन लागलेला. त्याचे म्हणणे असे की, इस्पितळाने प्रत्येक रोग्याचे एक पत्रक ठेवावे आणि वर्षभराने त्याला पुन्हा गाठून विचारावे: बाबा रे, तू बरा झालास का? नसलास तर का नाही? चूक निदानाची होती, हाताची होती, की साधनांची? आणि हे सगळे उघडपणे छापावे. वरकरणी पाहता यात भांडणासारखे काय आहे? शिक्षक पेपर तपासतोच की. पण इस्पितळ आपलाच पेपर तपासायला तयार नव्हते. डॉक्टरांची बढती ज्येष्ठतेने नव्हे तर रोगी बरे होण्याच्या हिशेबाने व्हावी, असेही तो म्हणू लागला. मग काय व्हायचे ते झाले. १९१४ साली त्याने राजीनामा दिला.

त्याआधीच, १९११ साली, त्याने स्वतःचे छोटे इस्पितळ काढले होते. तेथे तो आपल्या चुका मोजी. १९११ ते १९१६ या काळात ३३७ रोगी बरे होऊन वा न होऊन घरी गेले आणि त्यांच्या बाबतीत १२३ चुका घडल्या, असे त्याने स्वतः छापून वाटले. हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसाच बसलो. स्वतःच्या चुकांचा आकडा स्वतःच्या खर्चाने छापणारा माणूस आपण पाहिला आहे काय? मी तेवीस वर्षे शाळेत आहे. माझ्या हातून किती मुलांची चित्रकला मेली, याचा आकडा मजजवळ नाही.

१९१५ च्या जानेवारीत डॉक्टरांची एक सभा त्याने भरवली. सभेला शहराचे महापौरही होते. सभेच्या अखेरीस कॉडमनने एक भले मोठे व्यंगचित्र उघडून दाखवले. चित्रात एक शहामृग आहे. त्याचे डोके वाळूत खुपसलेले, आणि मागच्या बाजूने ते सोन्याची अंडी घालते आहे. शहामृग म्हणजे बॉस्टनची श्रीमंत वस्ती. अंडी वेचणारे म्हणजे नामवंत डॉक्टर. विश्वस्तमंडळी व विद्यापीठाचे अध्यक्ष विचारात पडले आहेत की, खरे सांगितले तर हे पाखरू अंडी घालणे थांबवील काय? रेखाटनाच्या दृष्टीने चित्र गचाळ आहे. आठवीतल्या मुलाने काढले असते तर मी दहापैकी पाच गुण दिले असते. पण सभेत गदारोळ उडाला. हार्वर्डमधील त्याची शिकवण्याची जागा गेली, व्यवसाय बसला. १९४० साली तो वारला तेव्हा त्याच्या थडग्यावर दगडही नव्हता. नावाचा दगड बसला २०१४ साली.

मात्र कल्पनेचे बी रुजले होते. अमेरिकन शल्यचिकित्सकांचे महाविद्यालय, म्हणजे खरे तर त्यांची संघटना, १९१३ साली स्थापन झाली होती. इस्पितळांचा दर्जा ठरवण्यासाठी तिने जी समिती नेमली, तिचा अध्यक्ष हाच कॉडमन होता. तो बाहेर पडल्यावर संघटनेने किमान अटींचे एक पत्रक केले. एका पानाचे. डॉक्टरांची नीट संघटना असावी, त्यांनी ठरावीक काळाने जमून आपल्या कामाची तपासणी करावी, प्रत्येक रोग्याची नोंद लिहून ठेवावी, तपासणीची प्रयोगशाळा व क्ष-किरणाची सोय असावी, एवढेच. अशक्य असे त्यात काहीच नव्हते. मग शंभर किंवा त्याहून अधिक खाटांची अमेरिका व कॅनडातील ६९२ इस्पितळे तपासली. उत्तीर्ण झाली ८९.

हा निकाल १९१९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया या हॉटेलात जाहीर व्हायचा होता. एम्पायर स्टेट इमारत आज जेथे उभी आहे, त्याच जागी ते जुने हॉटेल होते. यादी पाहून पुढाऱ्यांना घाम फुटला. देशातील काही अतिशय नावाजलेली इस्पितळे नापासांत होती. आकडा सांगावा, पण नावे वर्तमानपत्रांच्या हाती लागू नयेत, असे ठरले आणि त्या रात्री यादी हॉटेलच्या तळघरातील भट्टीत टाकून जाळण्यात आली.

या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला आहे. कादंबरीकाराला तो पर्वणीच. आमच्या शाळेचा निकाल तेरा टक्के लागला आणि संस्थाचालकांनी गुणपत्रकांची होळी केली, तर मी त्यांना काय म्हटले असते? आणि तरीही, अण्णांच्या त्या इस्पितळाचे नाव मीही येथे लिहीत नाही. नाव लिहिले असते तर वाचकाने म्हटले असते, 'हं, तिकडचे ना? तेथे असेच चालते,' आणि स्वतःच्या गावच्या इस्पितळाबद्दल निश्चिंत झाला असता. नावे जळाली, आकडा उरला, म्हणून प्रत्येक इस्पितळाला धास्ती वाटली की आपण त्या सहाशेतीनांत आहोत. पुढे पात्र इस्पितळांची यादी दरवर्षी प्रसिद्ध होऊ लागली आणि ती वाढत गेली. म्हणून जाळणारे शहाणे होते असे मी म्हणत नाही. भित्रेच होते.

पण या यादीने एक अडचण उघडी पाडली. नोंदी ठेवा, सभा घ्या, प्रयोगशाळा चालवा, हे सांगणे ठीक. करवून घेणार कोण? त्या काळी इस्पितळाच्या प्रमुखपदी कोणी निवृत्त धर्मोपदेशक असे, कोणी वयस्क परिचारिका, कोणी धंद्यात न जमलेला डॉक्टर. मिलवॉकी येथील मार्केट विद्यापीठात फादर मूलिनिए या जेझुइट पाद्र्याने पदवीचा अभ्यासक्रम काढून पाहिला. १९२७ साली दोनच पदव्या दिल्या गेल्या आणि लवकरच तो बंद पडला.

मग मायकेल डेव्हिस आला. हा डॉक्टर नव्हता. म्हणजे डॉक्टर होता, पण समाजशास्त्राचा! माझ्या विद्यार्थिनीच्या आईला हे मी मुद्दाम सांगितले. बॉस्टनच्या एका धर्मार्थ दवाखान्याचा कारभार त्याने दहा वर्षे पाहिला होता. गरीब माणूस औषधाची बाटली घेऊन जातो आणि परत येत नाही, तो का येत नाही, हा त्याचा विषय. पुढे तो शिकागोला रोझेनवाल्ड निधीच्या वैद्यकीय कामाचा प्रमुख झाला. ज्यूलियस रोझेनवाल्ड म्हणजे टपालाने माल विकणाऱ्या सीअर्स-रोबक या पेढीचे धनी. १९२९ साली डेव्हिसने इस्पितळाचा कारभार हा एक पेशा आहे, असे सांगणारे पुस्तक लिहिले आणि पदवीनंतरच्या दोन वर्षांचा अभ्यासक्रमच त्यात आखून दिला. देशात अब्जावधी डॉलरचा हा व्यवसाय, आणि तो चालवणाऱ्याला शिकण्याची सोय नाही, असे त्याचे गाऱ्हाणे होते.

१९३४ साली शिकागो विद्यापीठात तो अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे टिकून राहिलेला हाच पहिला. गंमत म्हणजे तो वैद्यकीय विद्यालयात नव्हे, तर व्यापार-विद्यालयात सुरू झाला. हिशेब, खरेदी, मजुरी, कायदा ही शास्त्रे तेथे शिकवणारे होतेच. वर्गातील शिक्षण आणि मग इस्पितळात प्रत्यक्ष उमेदवारी, अशी पद्धत पडली. विद्यापीठाच्या रुग्णालयाचे प्रमुख आर्थर बाकमायर यांनी ती घडवली. मॅल्कम मॅकईचर्न या डॉक्टरने १९३५ साली इस्पितळाच्या व्यवस्थेवर नऊशेहून अधिक पानांचा ग्रंथ लिहिला, आणि १९४३ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा अभ्यासक्रम त्याच्याच हाताखाली निघाला. महायुद्धानंतर कोलंबिया, मिनेसोटा, टोरांटो अशी रांग लागली. पैसा बराचसा केलॉग निधीचा; म्हणजे आपल्या किराणा दुकानात आता ज्या मक्याच्या लाह्यांचे खोके दिसतात, त्या कारखानदाराचा. त्या लाह्यांचा जन्मही त्याच्या डॉक्टर भावाच्या आरोग्यधामातच झाला होता. १९४८ साली या विद्यापीठांनी आपला संघ केला. १९६५ साली अमेरिकन सरकारने वृद्धांच्या व गरिबांच्या उपचाराचा खर्च उचलला, तेव्हापासून प्रश्न एका इमारतीपुरता राहिला नाही आणि विषयाचे नावही 'इस्पितळ-प्रशासना'वरून 'आरोग्यसेवा-प्रशासना'कडे सरकत गेले.

आपल्याकडे मुंबईत १९३६ साली पदवीधरांसाठी सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले. त्याचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हेही शिकागोतच शिकलेले. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. इस्पितळाच्या प्रशासनाची पदव्युत्तर पदवी तेथे आहे आणि तिला डॉक्टर असण्याची अट नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने १९६६ साली हा विषय पदव्युत्तर केला, तो मात्र डॉक्टरांसाठी. डॉक्टरानेच कारभार पाहावा की दुसऱ्याने, हा वाद शिकागोपासून चालू आहे. पुण्याच्या डॉ. बानू कोयाजी १९४४ साली के.ई.एम. रुग्णालयात आल्या तेव्हा ते चाळीस खाटांचे होते. त्यांनी ते कित्येक पटींनी वाढवले, वढूच्या खेड्यांपर्यंत त्याचा हात पोहोचवला, आणि १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कारभाराची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. पण प्रत्येक गावाला एक बानूबाई मिळत नाही, म्हणून तर शाळा काढाव्या लागतात.

सप्टेंबरात ती मुलगी पुन्हा आली. मी तिला म्हटले, "बाळ, चादरींचं काय ते खरं खरं सांग."

तिने माझ्याच चित्रकलेच्या वहीच्या मागे मांडून दाखवले. एका खाटेला चादरींचे सुमारे सहा संच लागतात. एक खाटेवर, एक वॉर्डच्या कपाटात, एक मळका म्हणून वाटेत, एक धुलाईत, एक कोठारात आणि एक अडीअडचणीला. यांतला एक संच कमी झाला तर कोणाच्या लक्षात येत नाही. दोन कमी झाले की पावसाळ्यात अडते. तीन कमी झाले की शस्त्रक्रिया थांबते, आणि तेव्हा सगळे म्हणतात की आज अचानक चादरी संपल्या. "सर, अचानक काही संपत नसतं," ती म्हणाली. खाटा शंभरातल्या किती दिवस भरलेल्या, रोगी सरासरी किती दिवस राहतो, नोंदणीच्या खिडकीशी रांग कोणत्या वेळी वाढते, हे सगळे ती बोटांवर सांगत होती. अण्णा असते तर त्यांनी तिला शेजारी बसवून घेतले असते. आगारातील गाड्यांचे वेळापत्रक ते अगदी याच सुरात सांगत.

मी तिला आमची हकीकत सांगितली. तिने इस्पितळाचे नाव विचारले नाही. ठेकेदाराचे बिल किती दिवसांचे थकले होते, एवढेच विचारले. मला ते ठाऊक नव्हते.

आता तिची उमेदवारी एका सार्वजनिक रुग्णालयात चालू आहे. परवा तिचा फोन आला. तेथे रोज माणसे वाट चुकतात. रक्त तपासायला निघालेली म्हातारी क्ष-किरणाच्या दारात तासभर बसून राहते. पाट्या आहेत, पण वाचता न येणाऱ्याने काय करावे? जमिनीवरून रंगीत पट्टे न्यायचे आणि दारांवर चित्रे लावायची, असे तिने वरिष्ठांकडून मंजूर करून घेतले आहे. चित्रे मी काढावीत, असे तिचे म्हणणे. रक्ताच्या थेंबाचे, हाडाचे आणि बाळंतिणीचे जमले. औषधाच्या खिडकीसाठी बाटली काढली होती, तर तिने कळवले की ती तेलाची वाटते, पुन्हा काढा. या रविवारी पुन्हा काढणार आहे.